होडीनं मुंबई गाठा: सोलापूरकरांसाठी नऊ सोप्या पायऱ्या

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये पाठ टेकायची आणि सकाळी सीएसएमटीला डोळे उघडायचे, हा मुंबई गाठण्याचा मिळमिळीत मार्ग झाला. मानी माणसानं मुंबईत शिरावं ते समुद्रातून, स्वतःच्या शिडाच्या होडीनं. पोर्तुगीज तसेच आले, इंग्रजही तसेच आले. त्यांना वेटिंग लिस्ट लागली नाही. पुढच्या पायऱ्या क्रमानं गिरवा.

१. निघायचं कुठून, ते आधी ठरवा. घरापासून जवळ पडते म्हणून भीमेत होडी लोटू नका. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे वाटेत जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं होडी डोक्यावर घेऊन ओलांडायची, मग कन्याकुमारीला वळसा घालून वर यायचं. सुट्टी तेवढी शिल्लक नसेल तर सरळ एसटीनं रत्नागिरीला जा आणि होडी तिथंच घ्या.

२. न्यूनगंड सोडा. होडीत गोड्या पाण्याची टाकी असते शंभर-दोनशे लिटरची, आणि तेवढ्यात आठवडा काढायचा असतो. ज्याच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्याला हे शिकवायला का पाहिजे? तांब्याभर पाण्यात आंघोळ, भाज्या धुतलेल्या पाण्यात भांडी, या विद्येत तुम्ही पदवीधर आहात. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. दोन्ही टिकतात, आणि होडी हलायला लागल्यावर तसंही कुणी जेवत नाही.

३. वारा समजून घ्या. पावसाळ्यात जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीलाही बंदी असते. इतर दिवसांत शाळेच्या भूगोलातले मतलई वारे रात्री जमिनीकडून वाहतात आणि खारे वारे दुपारी समुद्राकडून. पुस्तकात एक गोष्ट छापायची राहिली: खारा वारा कोकण किनाऱ्यावर बहुतेक वायव्येकडून येतो, आणि रत्नागिरीहून मुंबई साधारण तिकडंच आहे. म्हणून दुपारभर होडी नागमोडी हाकायची. संध्याकाळी मागं पाहिलंत तर सकाळचाच डोंगर दिसेल. त्याला ओळख देऊ नका.

४. कागद जवळ ठेवा. नोंदणी, विमा, माणसांची नावं, ओळखपत्रं, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हापासून अनोळखी होडीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र 'गाव कोणतं?' याला 'सोलापूर' असं उत्तर दिलंत की चौकशी वाढते. 'फिरायला आलोय' हे कारण तर कुणालाच पटत नाही. नम्रपणे पटवत राहा. वायरलेसवर १६ नंबर चालू ठेवा.

५. जाळी चुकवा. अलिबाग-थळच्या पुढं खांदेरीचं दीपगृह दिसलं की तुम्ही खूश व्हाल. होऊ नका. या पट्ट्यात कोळ्यांची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात. वर खूण म्हणून तेलाचा रिकामा कॅन, थर्माकोलचा तुकडा, फार तर काठीला काळं फडकं. दिवसा दिसलं तर नशीब. पंख्यात जाळं अडकलं तर कापायचा विचार मनात आणू नका. ते कुणाचं तरी पोट आहे, आणि ते कुणीतरी दहा मिनिटांत तिथं पोहोचतं.

६. मोठ्यांना वाट द्या. कुणीतरी सांगेल की इंजिनवाल्यानं शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. खरं आहे. पण नियम अरुंद मार्गात उलटा होतो: तिथं छोट्या होडीनं मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही. मुंबई बंदरात सगळी जहाजं त्याच अरुंद मार्गानं येतात. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आता तिकडची तीनशे मीटर लांबीची कंटेनर जहाजंही इथूनच जातात. त्यांना ब्रेक नसतो. कायद्याचं पुस्तक वर धरून दाखवू नका, त्या उंचीवरून दिसत नाही.

७. नांगर टाकायला जागा शोधा. ही पायरी जरा लांबते. बुचर बेटावर तेल उतरतं, तिकडं फिरकू नका. मिडल ग्राउंड नौदलाचं. गोदीजवळचा किनारा नौदलाचा, त्यापुढचा बंदराचा. घारापुरीला पर्यटकांना रात्री मुक्काम नाही, आणि सोमवारी लेणी बंद. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे. तुम्ही त्याआधी सभासद झाला असाल तर उत्तम. पाहुण्या होड्यांसाठी मरिना बांधायची घोषणा फार जुनी आहे, तिला नांगर बांधता येत नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही मुंबईहून निघून मुंबईला परत. त्यांचा दाखला घेऊ नका. त्यांची बोट नौदलाची होती. परतल्यावर बांधायची कुठं, हा प्रश्न त्यांना पडला नसावा. जे शहर बंदरामुळं मोठं झालं, तिथं बंदरातून येणाऱ्या साध्या माणसाला टेकायला जागा नाही, हे मनाला लावून घेऊ नका. रेल्वेनं येणाऱ्यालाही नाही.

८. गेटवेला उतरा. भरती-ओहोटीत इथं पाणी उधाणाच्या दिवशी कित्येक मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला गेलात तर खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात: हिरव्या, बुळबुळीत, कडेला कालवांची धारदार कवचं. चपला हातात घ्या. लाँच एकमेकींना घासत उभ्या असतात. त्यांच्यामधून तुमचं होडकं एका लाटेला दोन पायऱ्या वर जातं आणि पुढच्या लाटेला तीन खाली. वर गेल्याक्षणी उडी मारायची. विचार करायला थांबलात तर खाली गेल्याक्षणी माराल. वरून एक माणूस दोर मागेल, दुसरा पैसे मागेल, तिसरा तुमचा फोटो काढून देतो म्हणेल. दोर पहिल्याला द्या.

९. नातेवाइकांना भेटा. डोंबिवलीचे मामा दार उघडतील आणि विचारतील, "स्टेशनवरून रिक्षा मिळाली का?" स्वतःच्या होडीनं आलो, असं शांतपणे सांगा. मामा हबकणार नाहीत. ते एकच विचारतील: "मग पार्किंगचं काय केलंस?" या प्रश्नाला उत्तर नाही, तेव्हा देऊ नका. त्यांची गाडी कुठं लावलीय ते विचारा. पुढचा तासभर मामा बोलतील.