पळसदरीचा फाटा

कर्जतला माणसं वडापाव खायला उतरतात. आम्ही वायफाय तपासायला उतरलो. भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं होतं, आणि तेव्हापासून नेट थोड्या थोड्या वेळाने मान टाकत होतं. "मामा, घरी राउटर उशाशी असतो, तिथे खरा दोष कळत नाही. चालत्या गाडीत बघू," असं म्हणून त्याने महडच्या वरदविनायकाचं निमित्त काढलं.

महडसाठी धरायच्या खोपोलीच्या गाड्या मोजक्या, आणि त्याही बहुधा आपण पोचायच्या आत सुटणाऱ्या. पलीकडे पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागत होती. ३७ फुटांना एक फूट असा बोरघाटाचा चढ त्यांच्याशिवाय चढवत नाही. भाच्याने मान वर केली नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत तो फलाटावर मांडी ठोकून बसला होता.

"काका, पोरगा हॅकर आहे का?" एका गृहस्थांनी हळूच विचारलं.

"नाही, भाचा आहे."

तेवढ्यात दोष सापडला. बॅटरी वाचावी म्हणून वायफाय अधूनमधून डुलकी काढत होतं. नेटवर्कमॅनेजरच्या फायलीत त्या बचतीला एक आकडा असतो: ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद, १ म्हणजे आहे तसं राहू द्या, ० म्हणजे ठरलं असेल ते. चालू-बंद एवढ्या कामाला चार आकडे लावणारा माणूस सरकारी अर्ज छापायच्या खात्यात शोभला असता. आमच्याकडे ३ होता, त्याचा २ केला. नेट आलं. गाडीही आली.

पळसदरीला नेट पुन्हा गेलं. इथे रूळ फुटतात, एक घाट चढून पुण्याला जातो, दुसरा मुकाट खोपोलीला. लॅपटॉपपुढेही तसेच दोन रस्ते होते: माझा मोबाइल केबलने जोडलेला, भाच्याचा हॉटस्पॉटवर. माझ्या मोबाइलला डोंगराआड रेंजच नव्हती, पण लॅपटॉपचा हट्ट त्याच्याच रस्त्याने जाण्याचा. कारण असं की केबलवरचा मोबाइल त्याला तारेचं नेट वाटतो. तारेला १०० आकडा, वायफायला ६००, आणि ज्याचा आकडा कमी त्याचा मान मोठा. पलीकडे खरोखर इंटरनेट आहे का, हे चाचपायची सोय असते. ती बंद होती. भाच्याने केबलचा आकडा ७०० केला.

तोवर केळवली, डोळवली, लौजी मागे पडून खोपोली आलं. या गावाला तुटलेल्या जोडणीची जुनी सवय आहे. १८५६ साली मुंबईची रेल्वे इथवर पोचली, १८५८ साली पुण्याची खंडाळ्यापर्यंत. मधला घाट जोडला गेला १८६३ साली. तोवर उतारू पालख्यांतून नि तट्टांवरून वर जात. पाच वर्षं लिंक डाउन, आणि कुणी रीस्टार्ट करायला सांगितलं नाही.

महडच्या रिक्षात नेट तिसऱ्यांदा गेलं. यंत्र निर्दोष, दोन्ही मोबाइल कोरडे. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काका, तळ्यापाशी रेंज येते. देवळाच्या मागच्या अंगाला उभे राहा." भाचा आकडे बदलतच राहिला. मी तळ्यापाशी उभा राहिलो आणि माझा लेख संपादकांकडे गेला.

तुमचंही नेट या बाजूला रुसलं तर आधी ३ चा २ करा, मग केबल काढा. तरीही जमलं नाही, तर रिक्षावाल्याला विचारा. खरं तर आधी त्यालाच विचारा.