शेजाऱ्याची उचलली, आमची नाही

कचऱ्याच्या तक्रारीत कचरा फार थोडा असतो. मी इंग्लंडमधल्या एका मध्यम शहराच्या कौन्सिलमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसतो, त्यामुळे हे मी पगारी अधिकाराने सांगू शकतो. 'बिन उचलली नाही' एवढं कळवायला खरं तर तीन शब्द पुरे. पण ईमेल येते ती ऐसपैस. तक्रारदार या रस्त्यावर 1987 पासून राहतो, कौन्सिल टॅक्स त्याने एकदाही थकवलेला नाही, त्याच्या वडिलांनी देशासाठी युद्धात काय काय केलं, आणि सगळ्यात शेवटी, सहज आठवल्यासारखं: शेजारच्या घराची बिन मात्र उचलली.

खरी मेख तिथे आहे. लॉरी बंद पडली आणि अख्ख्या रस्त्याच्या बिना तशाच राहिल्या, तर दोन-चार फोन येतात, तेही चौकशीचे. एकट्या घराची राहिली की आग लागते. पंगतीत वाढपी आपलंच पान ओलांडून पुढे गेला की पोट भरलेल्यालाही जिलबी हवीशी वाटते, तसलाच हा मामला.

बरं, या आगीला आम्ही लगेच तक्रार म्हणतही नाही. इंग्लंडच्या स्थानिक कारभाराच्या लोकपालाने 2024 मध्ये तक्रारींची संहिता काढली. तिच्यानुसार सेवेची विनंती वेगळी आणि तक्रार वेगळी. म्हणजे तुम्ही पहिल्यांदा फोनवर ओरडलात, तर ती विनंती. ती पुरी झाली नाही आणि पुन्हा ओरडलात, की तक्रार. तिला पहिल्या टप्प्यात 10 कामाच्या दिवसांत उत्तर, ते पटलं नाही तर दुसऱ्या टप्प्यात 20, आणि तरीही नाही पटलं तर लोकपाल आहेतच. तोवर बिन बहुधा दोनदा रिकामी होऊन पुन्हा भरलेली असते. पण तक्रारदाराला त्याचं काही नसतं. त्याला बिन नको असते, निकाल हवा असतो.

आमच्याकडे पुरावाही असतो. लॉरीला चारी बाजूंनी कॅमेरे आणि ड्रायव्हरजवळ एक स्क्रीन. 'बिन बाहेर नव्हती', 'चुकीचा कचरा', 'झाकण उघडं', अशी बटणं दाबत गाडी पुढे जाते. एका गृहस्थांनी शपथेवर लिहिलं होतं की बिन आदल्या रात्रीपासून फुटपाथवर उभी होती. मी चित्रण लावलं. लॉरी त्यांच्या घरावरून गेली, फुटपाथ मोकळा. लॉरी कोपऱ्यावर वळतेय तोच दार उघडलं आणि ड्रेसिंग गाऊनमधले ते गृहस्थ, एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी, बिन ओढत लॉरीमागे धावले. मधेच थांबून त्यांनी गाऊनची सुटलेली गाठ बांधली, तिथे शर्यत हरले. 'तुम्ही धडधडीत खोटं बोलताय' हे सरकारी इंग्रजीत लिहायची सोय नाही. मी लिहिलं, आमच्या नोंदी आपल्या आठवणीशी जुळत नाहीत. उलट टपाली त्यांनी कॅमेऱ्याविरुद्ध तक्रार केली.

चूक आमचीही होते, आणि होते तेव्हा नेमकी ज्याच्या बाबतीत होऊ नये त्याच्याच बाबतीत. वृद्ध किंवा अपंग माणसाची बिन कामगारांनी घरामागून आणायची आणि रिकामी करून जागेवर ठेवायची, अशी सोय असते. नवी टोळी आली, यादी जुनी राहिली, की हे घर हमखास सुटतं. लोकपालांच्या निकालांत ही प्रकरणं पुन्हा पुन्हा दिसतात. अशा एका आजींचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं: तसदीबद्दल क्षमस्व, तुमची लॉरीवरची मुलं कामात असतील, पण बिन चार खेपा भरलेलीच आहे. त्यात ना युद्ध, ना टॅक्स, ना शेजारी. त्या दिवशी मी ईमेल न पाठवता स्वतः डेपोत गेलो आणि सुपरवायझरच्या डोक्यावर बसून यादी दुरुस्त करून घेतली. आजींसारखी माणसं आरडाओरडा करायला शिकतील तर आमच्या खात्याचं भलं होईल.

या देशात कचऱ्यावर सरकारं घसा कोरडा करतात. एरिक पिकल्स नावाचे मंत्री 2010 नंतर म्हणत असत की उरलेला चिकन टिक्का मसाला पंधरा दिवस न ताटकळता बिनमध्ये टाकता येणं हा इंग्रज माणसाचा मूलभूत हक्क आहे. आठवड्याला कचरा उचलावा म्हणून त्यांनी 25 कोटी पौंडांचा निधीही काढला. तरी बहुतेक ठिकाणी उरलेल्या कचऱ्याची काळी बिन आजही पंधरवड्यानेच जाते. 31 मार्च 2026 पासून इंग्लंडभर घरांसाठी एकच वर्गवारी आली: अन्न, कागद-पुठ्ठा, काच-धातू-प्लास्टिक आणि उरलेलं. वर्गवारी एक झाली, रंग मात्र ज्याचे त्याचे. एका गावात निळी बिन कागदाची, शेजारच्या गावात डब्या-बाटल्यांची. घर बदललेला माणूस काही आठवडे रंगांधळ्यासारखा वागतो आणि त्याचं खापर आमच्यावर फुटतं.

2025 च्या वसंतात बर्मिंगहॅममध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. मार्चअखेर 17,000 टन कचरा रस्त्यावर साचल्याचं तिथल्या कौन्सिलनेच जाहीर केलं. उंदरांचे फोटो जगभर गेले. आमच्या गावात संप नव्हता, पण फोन वाढले: "आमच्याकडे कधी आहे?" आवाजात भीती कमी, उत्सुकता जास्त.

आणि मग काकांचा फोन. माझं आडनाव ऐकलं आणि इंग्रजी थांबलं. "अरे, तू आपल्यातलाच! मग काम झालंच म्हणायचं." काका निवृत्त डॉक्टर, इथे येऊन जन्म गेला. घरचा गणपती बादलीत विसर्जित केल्यावर त्यांची ब्राऊन बिन, म्हणजे बागेच्या कचऱ्याची, टोळीने लाल चिठ्ठी लावून तशीच ठेवली होती.

"निर्माल्य होतं रे त्यात. खरकट्याच्या डब्यात कसं टाकू?"

मी फोटो उघडला. वर शेवंती, दूर्वा, केळीचं पान. मधून मखराचा सोनेरी थर्माकोलचा खांब डोकावत होता.

"काका, थर्माकोल आहे आत."

"तो खाली होता. वर सगळी फुलंच होती."

"लॉरीत बिन उलटी होते, काका."

ते क्षणभर गप्प झाले. महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर 2018 मध्ये बंदी आली, हेही मी घाईत सांगून बसलो. काकांनी महाराष्ट्र त्याच्या कितीतरी आधी सोडला होता, तेव्हा ती बंदी त्यांना लागू नव्हती. शिवाय ब्राऊन बिनची वार्षिक वर्गणी त्यांनी भरली होती. "वर्गणी भरूनही गणपतीची फुलं नाकारणारं हे पहिलंच मंडळ बघतोय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फुलांचं खत होतं, हे सांगायचं राहूनच गेलं. मी पहिल्या टप्प्याचं उत्तर पाठवलं: थर्माकोल काढून काळ्या बिनमध्ये टाका, पुढच्या फेरीला बिन उचलू. काकांनी दुसरा टप्पा गाठला. आपल्या माणसाने आपल्याच माणसाला नियम सांगितला, हा त्यांचा मुख्य मुद्दा. दुसऱ्या टप्प्याचं उत्तर मला देता येत नाही, ते दुसऱ्या कुणी द्यायचं. ते प्रकरण माझ्या यॉर्कशायरच्या सहकारिणीकडे गेलं. तिने सगळा पत्रव्यवहार वाचला, चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, देव बादलीत विसर्जित केला, तर त्याची फुलं आमच्या लॉरीत का येताहेत?

मी म्हटलं, तुझ्याकडे 20 दिवस आहेत.