आप्पांचं साळखातं

आमचे सासरे आप्पा कुणाशी हात मिळवत नाहीत. ते थेट समोरच्याच्या बाहीला हात घालतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापड धरायचं, दोनदा चोळायचं आणि मगच माणसाच्या तोंडाकडे बघायचं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाट चिमटीत धरला आणि भटजींना विचारलं, "साठचा काउंट का हो?"

लालबागच्या गिरणीत, साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्यांनी आठ वर्षं साचे चालवले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि साचे हातातून सुटले ते सुटलेच. पुढची तीस वर्षं दादरला कापडाच्या दुकानात गेली, पण ओळख विचारली की अजून 'साळखात्यातला' असंच सांगतात.

असे आप्पा गेल्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले आणि नातीच्या दोन गिनीपिगच्या तावडीत सापडले. कुकी आणि बिस्किट. पहिल्या दिवशी आप्पांनी दुरूनच निकाल दिला, "नाव गिनीचं, आडनाव डुकराचं, मूळ गाव म्हणे पेरू, आणि दिसायला घूस. एक कागद खरा नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष पिंजऱ्यातल्या अंथरुणाकडे गेलं. लाकडाच्या भुशाची धूळ त्या जिवांच्या छातीला बाधते, म्हणून बायकोनं फ्लीसचं कापड आणून पिंजऱ्याच्या मापानं कापलं होतं. आप्पांची चिमूट आत गेली. "पॉलिएस्टर. लूमवरचं नाही, होजिअरीचं. वरून ब्रश मारून लव काढलीय. कडेनं दोरे सुटणार नाहीत, शिलाई वाचली." मग चमचाभर पाणी ओतलं. थेंब तसेच उभे. "अळवावरचं पाणी! अगं, हे मुतणार आणि त्यातच बसणार. कापड धुतलंस का?"

ते नवंकोरं होतं. त्या दिवसापासून आमच्या तळघरातलं वॉशिंग मशीन आप्पांच्या ताब्यात गेलं. गरम पाण्यात तीन धुणी झाल्यावर कापडावरचं फिनिश उतरलं, आणि चमचाभर पाणी टाकताच गपकन खाली गेलं. फ्लीस स्वतः पाणी पीत नाही, फक्त खाली पोचवतं. पिणारं कुणीतरी खाली लागतं. ती नेमणूक सोलापुरी टॉवेलांची झाली. ते माझ्यासाठी आणले होते. "जावईबापू, तुम्ही काय, कशानंही अंग पुसाल," असं म्हणून आप्पांनी माझ्या डोळ्यांदेखत ते पिंजऱ्यात अंथरले.

खरं महाभारत फॅब्रिक सॉफ्टनरवरून झालं. बायकोनं सवयीनं झाकणभर ओतलं, आणि आप्पा मशीन बंद करून त्यासमोर उभे राहिले. "त्यानं धाग्यावर मेण चढतं! पाणी खाली जायचं कसं?" बाटली अजून माळ्यावर आहे.

मग पाळ्या लागल्या. सकाळी केरसुणीनं लेंड्या आणि गवताच्या काड्या झाडायच्या, संध्याकाळी पुन्हा. दर चौथ्या दिवशी कापड बदली. मशीनमध्ये जाण्याआधी ते अंगणात झटकायचं, नाहीतर केस आणि गवत मशीनच्या पोटात. आप्पा झटकत तेव्हा शेजारचा गोरा म्हातारा गवत कापायचं थांबवून बघत राही. एकदा त्याच्याही जाकिटाला चिमूट लागली. तेही फ्लीसच निघालं. तेव्हापासून दोघं रोज कुंपणाशी उभे, एकमेकांची भाषा येत नसताना.

फ्रिजचं दार उघडलं, भाजीच्या पिशवीचा आवाज झाला, की कुकी-बिस्किट कर्कश शीळ घालतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आप्पा खुर्चीतून उठलेच. "भोंगा!" पुढे शीळ आली की ते घड्याळ बघत.

नातीनं त्यांना एक दिवस फ्लीसचा इतिहास वाचून दाखवला. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या मॉल्डन मिल्समध्ये हे कापड 1979 च्या सुमाराला जन्मलं. 1995 च्या डिसेंबरात गिरणी जळाली. मालक आरन फ्यूअरस्टीन सत्तरीचा. विम्याचे पैसे घेऊन घरी बसायचं सोडून त्यानं गिरणी पुन्हा बांधली, आणि काम बंद असतानाही कामगारांचा पगार काही महिने चालू ठेवला.

"पुन्हा वाच," आप्पा म्हणाले. तिनं वाचलं. "शेटनं? बंद गिरणीचा पगार?" मग बराच वेळ ते पिंजऱ्याशी बसून कापडाची एक सुरकुती सरळ करत राहिले. पुढे 2001 मध्ये ती गिरणी दिवाळखोरीत गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही. नातीलाही खुणेनंच थांबवलं.

आप्पा परत गेले. जाताना फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लावून गेले. त्यात माझं नाव 'बदली कामगार' म्हणून आहे. दर रविवारी सकाळी डोंबिवलीहून फोन येतो. परवा मी कॉफीचा कप घेऊन बसलो होतो, बायको फोनवर बोलत होती, आणि तिनं कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला. शीळ झाली. स्पीकरवर क्षणभर शांतता.

"भोंगा झाला," आप्पा म्हणाले. "जावईबापू आहेत का तिथं? म्हणावं, पाळी लागली."