गणकवीर

नवी मुंबईतील दिवाळे हे बेलापूरलगतचे, खाडीकाठचे कोळ्यांचे जुने गाव असून, त्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत ज्या नव्या मानवी जाती रुजल्या, त्यांपैकी ‘गणकवीर’ या जातीकडे समाजशास्त्रज्ञांचे अद्याप लक्ष गेलेले नाही. लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीसाठी स्मार्टफोनवर कोणता बॅलिस्टिक गणक घ्यावा याचा अखंड अभ्यास करणारा, परंतु स्वतःजवळ रायफल नसलेला गृहस्थ म्हणजे गणकवीर. रायफलीचा अभाव हे त्याच्या व्यासंगातील वैगुण्य मानण्याचे कारण नाही; १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना बंदुकीला लागतो, गणकाला लागत नाही, आणि घरच्या मंडळींनाही ही व्यवस्था मान्य असते.

बॅलिस्टिक गणक म्हणजे नळीतून सुटलेली गोळी ठरावीक अंतरावर किती खाली येईल आणि वाऱ्याने किती बाजूला सरकेल, याचा आगाऊ हिशेब करणारे ॲप होय. त्याला गोळीचा सुटतानाचा वेग, हवेचा दाब, तापमान आणि बॅलिस्टिक गुणांक, म्हणजे गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते हे सांगणारा आकडा, पुरवावा लागतो. हा गुणांक कोणत्या नमुना-गोळीच्या तुलनेत काढला यावरून जी-१ आणि जी-७ असे दोन पंथ पडले असून, पहिल्याची नमुना-गोळी सपाट बुडाची, तर दुसऱ्याची लांबट व मागे निमुळती असते. गणकवीर कडवा जी-७ पंथी असतो. त्यामुळे हॉर्नेडी कंपनीने रडारने गोळ्यांची उड्डाणे मोजून दोन्ही पंथांना वळसा घालणारा गणक आणला, तोही फुकट, तेव्हा या जातीवर मोठेच धर्मसंकट ओढवले.

त्याच्या व्यासंगाचे शिखर मात्र कोरिऑलिस परिणाम हे होय. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात गोळी किंचित उजवीकडे सरकते, आणि ज्या ॲपमध्ये याची सोय नाही ते गणकवीर तत्काळ बाद करतो. दिवाळे सुमारे १९ अंश अक्षांशावर असल्याने येथे हे सरकणे हजार मीटरवर जेमतेम ४ सेंटिमीटर भरते, तर नेमाच्या दुर्बिणीचा सर्वसाधारण एक ‘क्लिक’, म्हणजे तिची चकती फिरवण्याचा लहानात लहान टप्पा, त्याच अंतरावर नेम १० सेंटिमीटरने हलवतो. म्हणजेच ही दुरुस्ती कळली तरी करता येत नाही. मध्य युरोपातील नेमबाजाच्या वाट्याला याच्या दुपटीहून अधिक कोरिऑलिस येतो, ही गोष्ट गणकवीराला अन्यायाची वाटते.

याउलट ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा सर्वसाधारण रायफलच्या गोळीला हजार मीटरवर दोन मीटरहून अधिक ढकलून देतो. हा सर्वांत घातक आकडा मात्र तो हवामानाच्या ॲपवरून, बहुधा खाडीपलीकडच्या सांताक्रूझ केंद्राचा, निःशंकपणे उचलतो, आणि त्याच वेळी खाली जेट्टीवर एखादा नाखवा पाण्यावरची लहर बघून वारा कुठून व किती आहे हे ओळखून होडी सोडत असतो. खरे नेमबाजही निशाण, गवत आणि तापलेल्या हवेची थरथर पाहूनच वारा वाचतात. ॲपची निवड करताना पहिला प्रश्न ‘यात भरण्याचे आकडे आणणार कोठून’ हा असायला हवा. गोळीचा वेग वेगमापकावर मोजलेला नसेल, तर महागडे ॲपही चुकीचे उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक देते.

कोळीवाड्यातील एखाद्या मुलाने, एअर रायफल शिकायची असल्याने, “काका, सुरुवात कुठून करू?” असे विचारले, तर त्याला तासभर जी-७ ऐकावे लागते. त्याचे लक्ष्य असते १० मीटरवर, त्यातील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि स्पर्धेत गोळीबाराच्या जागी खेळाडूला मोबाइल वापरता येत नाही. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत याच प्रकारात ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तर कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्यपदक जिंकले. दोन्ही ठिकाणी गणकाला काही काम नव्हते. नेम शिकण्याची खरीच इच्छा असलेल्या वाचकाने म्हणून बेलापूरहून लोकल पकडून पनवेलला, शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबकडे जावे, आणि ॲपची चौकशी हजार मीटरचे मैदान मिळाल्यावर करावी.