इच्छुक

कैरोच्या दोक्की भागात भाड्याची खोली घेऊन राहणारा हा इसम जर्मन असतो, कोरियन असतो, क्वचित पुणेकरही असतो. त्याला अरबी शिकायची असते. सुरुवात त्याने केव्हाच केली असती, पण आधी कुठली अरबी हे ठरायला नको?

एकीकडे व्याकरणशुद्ध फुस्हा. बातम्या तिच्यात, वर्तमानपत्रं तिच्यात. नगीब महफूजची पात्रं गल्लीत भांडतात तीसुद्धा फुस्हातच, आणि 1988 चं नोबेल काय उगाच मिळतं? मोरोक्कोपासून इराकपर्यंत ती कळते. घरात ती कुणीच बोलत नाही, एवढीच बारीक अडचण. दुसरीकडे आम्मिया, म्हणजे बोलीभाषा. ती घरोघरी आहे, पण मुलखागणिक वेगळी. 'मला हवंय' म्हणायला कैरोत 'आयेज', बैरूतला 'बद्दी', कासाब्लांकात 'ब्घीत'. इच्छुकाने याचा तीन रंगांत तक्ता केला आहे. तक्ता देखणा आहे. त्याच्या जोरावर काही मागितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

उमेदीच्या काळात तो फुस्हाच्या गोटात होता. हाती अमेरिकेत छापलेलं 'अल-किताब'. त्यात सुरुवातीलाच महा नावाच्या मुलीचे वडील संयुक्त राष्ट्रांत नोकरीला असतात, त्यामुळे याला 'संयुक्त राष्ट्रे' अस्खलित म्हणता येई. 'साखर कमी' येत नसे. मायक्रोबसमधून उतरायचं तर कैरोकर नुसतं ओरडतो, 'आला गम्ब, या उस्ता!' बाजूला घे, उस्ताद. आपला इच्छुक आज्ञार्थ जुळवायचा, मग कर्म, मग कर्माच्या शेपटीला विभक्तीचा स्वर; तोवर थांबा मागे पडायचा. एकदाच वेळेवर बोलला, तर अख्खी गाडी हसली. मंडईत कुणी 'हे शाकविक्रेत्या, मजप्रत वांगी दे' म्हणावं, तसं झालं. पोरांना वाटलं, डब केलेल्या जपानी कार्टूनमधलंच कुणी गाडीत चढलंय.

झालं, पक्षांतर! आता फक्त आम्मिया. जुने सिनेमे पाहिले, 'ज'चा 'ग' केला, कहव्यातला 'क' गिळून 'अहवा' मागायला लागला. आणि नव्या धर्मांतरिताच्या उत्साहाने दिसेल तो 'क' गिळत सुटला. अल-काहिरा या शहराच्या नावातला 'क' कैरोकर स्वतः जपून उच्चारतात. तो गिळल्यावर अहवेवाला काही बोलला नाही, नुसतं बघितलं.

मग त्याच्या हाती अल-सईद बदवी लागले. या भाषातज्ज्ञाने 1973 मध्येच लिहून ठेवलंय की इजिप्तच्या अरबीचे थर दोन नाहीत, पाच आहेत, आणि शिकलेला माणूस त्यांवरून सहज वरखाली करतो. खुद्द नासर भाषणात फुस्हाच्या गच्चीवरून आम्मियाच्या अंगणात उतरायचे आणि गर्दी टाळ्या वाजवायची. दुसरा कुणी यातून शिकला असता की निवडायचं काही नसतंच. इच्छुकाला मात्र आनंदाने झोप लागेना. दोन उमेदवारांचे पाच झाले होते! माझं विचाराल तर त्याला अरबी नकोच आहे, निवड हवी आहे.

त्याचा लौकिक मात्र वाढला. इमारतीचा बव्वाब, म्हणजे दारवान, त्याचा मुलगा शाळेत नह्वमध्ये, अरबी व्याकरणात, गटांगळ्या खात होता. अरबी ही त्याची आईची भाषा, पण पेपरातली अरबी आईलाही येत नाही. इच्छुकाने त्याला द्विवचन आणि विभक्तिप्रत्यय खाणाखुणांनी शिकवले. पोरगं पास झालं. बव्वाबची बायको बसबूसाची ताटली घेऊन वर आली आणि तिने याला तोंडभर दुआ दिली. इजिप्तमध्ये दुआला उलट दुआ द्यायची असते, हे त्याला ठाऊक होतं. ती फुस्हातून द्यावी, आम्मियातून द्यावी, की बदवींच्या तिसऱ्या थरावरून, याचा विचार करत तो ताटली धरून दारात उभा राहिला. बाई तोवर तळमजल्यावर पोचल्या होत्या.