सही आहे, मंजुरी नाही

धुळे-जळगाव एसटीत नाना मास्तरांना जागा मिळायची ती डबीच्या जोरावर. दोन तोंडांची स्टीलची डबी, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. नाना दारात दिसले की मागच्या बाकावरून कुणीतरी सरकायचं आणि हाळी यायची, "चुना शे का रे भो?" ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकमेकांचे गळे धरलेली माणसं पारोळ्यापर्यंत याच डबीतून चिमटी घेत यायची. जात, पक्ष, बांधाचं भांडण, सगळं मिटायचं. निदान थुंकेपर्यंत.

अशा माणसाकडे मुख्याध्यापकांनी तंबाखूमुक्त शाळेचं काम दिलं. कारण सरळ होतं. विषयाची एवढी माहिती स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाला नव्हती.

आणि नानांनी खरोखर अभ्यास केला. २१ मे २००३ ला जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेनं तंबाखू नियंत्रणाचा करार मंजूर केला, ५ फेब्रुवारी २००४ ला भारतानं त्याला मान्यता दिली, २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला, आज १८० हून जास्त देश त्यात आहेत, हे ते तोंडपाठ सांगायचे. सांगताना हनुवटी वर, खालचा ओठ फुगलेला. 'प' आणि 'फ'चे शब्द जवळ आले की ऐकणारा आपोआप पाऊलभर मागे सरायचा.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा आपला २००३ चा कायदा. नानांनी कुंपणापासून स्वतः टेप धरला. टपरी ९० मीटरवर निघाली. टपरीवाला म्हणाला, "मास्तर, शंभराला दहाच कमी." नाना म्हणाले, "यार्ड म्हणजे मीटर नव्हे," आणि ९१.४४ मीटरवर पिवळी रेघ मारून घेतली. टपरी चाकांवर होती. तीन-चार हात ढकलली, काम झालं. खूश होऊन टपरीवाल्यानं एक पुडी पुढे केली. ती नानांनी रेघेच्या पलीकडे जाऊन घेतली. कायदा म्हणजे कायदा.

पुडीवरच्या चित्राचं काय करायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. करार म्हणतो, पाकिटाचा निम्मा भाग इशाऱ्याला द्या, निदान ३० टक्के तरी. आपण १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के दिला. याचा नानांना अभिमान. पण पुडी हातात आली की ते चित्राकडे न बघता ती डबीत रिकामी करत आणि कागद बाहेर भिरकावत. "सकाळी सकाळी कोण बघी ते?"

हसू येतं खरं, पण नाना एकटे नाहीत. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले. एकूण प्रौढांत ओढणारे अवघे ३.८ टक्के, बिनधुराची घेणारे २४.४; काही जण दोन्हीकडे. सिगारेटचा धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो म्हणून तो खेकसतो, २०० रुपये दंडाची आठवण देतो. मळलेल्या तंबाखूची तक्रार करणार कोण? शेजारी उलट तळहात पुढे करतो. मला विचाराल तर कराराची खरी गाठ या तळहाताशी आहे.

गुटख्याचा विषय निघाला की नाना एकदम परराष्ट्रमंत्री व्हायचे. राज्यात २०१२ पासून बंदी, तरी शिरपूरकडे ट्रक पकडल्याची बातमी पेपरात असतेच. चोरट्या व्यापाराविरुद्ध वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१८ ला लागू झाला, भारतही त्यात आहे. "त्या जिनिव्हावाल्यासले म्हणा, एक रात पळासनेर नाक्यावर बसा!"

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. दर ३१ मे ला, तंबाखूविरोधी दिनी, ते पोरांकडून शपथ म्हणवून घेत, फलकावर पहिली सही स्वतःची करत. एकदा जेवताना ते म्हणाले, अमेरिकेनं करारावर सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. त्यांच्या बायकोनं भाकरी थापता थापताच विचारलं, "म्हंजे तुमनामायकच ना?"

ते लागलं असावं. कारण दोनच दिवसांनी त्यांनी पुडीवरच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन लावला. पुडी डबीत रिकामी करून कागद भिरकावलेला असल्यामुळे क्रमांकासाठी तो उकिरड्यावरून शोधावा लागला. एका मित्रासाठी चौकशी करतोय, म्हणाले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मित्र उठल्यावर किती वेळानं पहिली चिमूट घेतो? नाना म्हणाले, "डोळे उघडायच्या आधी." मग बाईंनी शांतपणे सांगितलं, मित्राला सोडायची एक तारीख ठरवायला सांगा, जवळचीच.

नानांनी कॅलेंडरकडे बघितलं. जूनची २ तारीख होती.

"एकतीस मे," ते म्हणाले.