सहा फुटांचा जमीनदार

(रंगमंचावर एक खुर्ची. कलाकाराच्या हातात मालमत्ता कराचं बिल.)

मी मालाड पश्चिमेला राहतो, मार्वे रोडला. म्हणजे घरी कमी, मीठ चौकीच्या सिग्नलला जास्त. तरी कर मात्र घराचाच!

घर ४७ चौरस मीटर. आता १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. ५०० फूट म्हणजे ४६.४५ मीटर. (थांबतो. बोटांवर हिशेब.) सहा फूट जास्त! बरं, कर त्या सहा फुटांचा नाही, अख्ख्या घराचा!

आमचे सेक्रेटरी (नाकातून): "नियम म्हणजे नियम हं! आमचं बघा, सेहेचाळीस. माफ!" हाच माणूस पार्किंग वाटताना म्हणत होता, "सोसायटीत सगळ्यात मोठा फ्लॅट आमचा!"

सहा फूट म्हणजे किती? तीन बाय दोन. आमचा फ्रिज. बायको म्हणाली, "फ्रिजची जागा पालिकेला देऊन टाका." आई आतून, "आणि माझं विरजण?"

पूर्वी कसं, घर भाड्यानं दिलं तर किती येईल, त्यावर कर. करपात्र मूल्य. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य. रेडी रेकनरचा दर गुणिले कार्पेट गुणिले वापर गुणिले बांधकाम गुणिले वय. मी बायकोला हे समजावायला गेलो. तिनं पेन घेतलं आणि माझंच मूल्य काढलं!

"वापर?"
"निवासी."
"दिवसभर सोफ्यावर. निवासीच. बांधकाम?"
"आरसीसी!"
"कसलं आरसीसी! सासूबाईंनी लाडानं कच्चं ठेवलंय. वय?"
"बावन्न."
"घसारा लावा."

तेवढ्यात दारातून (नाकातून): "वहिनी, धोकादायक म्हणून नोटीस लावू का? पुनर्विकासात नवीन मिळेल!"

(हशा ओसरू देतो. खुर्चीवर बसतो.)

गंमत बघा. इमारत जुनी झाली की तिच्या वयाची सूट मिळते. पण खालची जमीन? ती काही म्हातारी होत नाही. मेट्रो आली, दर चढला. आमचा जिना तोच, गळती तीच, पगार तोच. बाबांनी पीएफ मोडून हे घर घेतलं, ते विकायला नाही. शेवटपर्यंत राहायला. किंमत वाढल्याचा आनंद विकणाऱ्याला असतो हो. राहणाऱ्याला फक्त बिल येतं. शेजारच्या चाळीतले निम्मे लोक नालासोपाऱ्याला गेले. त्यांच्याही जागेला आज सोन्याचा भाव आहे. ते मात्र सकाळी विरार लोकलला लटकलेत.

(उठतो. बिल झटकतो.)

यात वृक्ष उपकरसुद्धा आहे! आमच्याकडे झाड एकच, गच्चीच्या पाइपातून उगवलेला पिंपळ. त्याच्यामुळेच तर गळतं!

आई म्हणाली, "म्हणजे कागदोपत्री आपण कोट्यधीश?"
"हो आई."
"मग आधी ती गच्ची दुरुस्त कर!"

मी वर्गणी विचारायला सेक्रेटरींकडे गेलो. (नाकातून, हात जोडून) "तुम्ही मोठ्या घरवाल्यांनी जास्त द्यायला हवी हं! आम्ही काय, सेहेचाळीस मीटरवाले गरीब!"

(अंधार.)